लहान शाळेचा पट कसा वाचावा

आपल्या वऱ्हाडात एखाद्या गावी पाहुणा म्हणून गेलात आणि शाळेची गोष्ट निघाली, म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पट किती आहे हो तुमच्या शाळेचा?" गुरुजी एक आकडा सांगतात. आकडा मोठा असला तर पाहुणा मान डोलावतो, लहान असला तर हळहळतो, आणि बोलणे कपाशीच्या भावाकडे वळते. पट म्हणजे काय, तो कशाने वाढतो, कशाने घटतो आणि त्यातले कोणते लेकरू कुठे गेले, हे मात्र विचारायचे राहून जाते. आज त्याचाच थोडा विचार करू. विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांचा. चौथीनंतरच्या वर्गांना 'मिडल स्कूल' म्हणण्याची आपल्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळापासूनची रीत आहे. आताच्या कागदोपत्री त्यांना उच्च प्राथमिक म्हणतात. गावातली लहान शाळा मोडायला लागली म्हणजे ती बहुधा याच वर्गांपासून मोडू लागते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पट वेगळा आणि हजेरी वेगळी. दाखल-खारीज रजिस्टरात ज्याचे नाव चढले आणि अजून कमी झाले नाही, तो पटावर. आज वर्गात येऊन बसला, तो हजर. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शाळा उघडते तेव्हा निंदणाचे दिवस तोंडावर असतात. पुढे सोयाबीनची सोंगणी, मग दसऱ्यापासून कापसाची वेचणी, मग तूर, मग हरभरा. या प्रत्येक हंगामाची खूण हजेरीच्या वहीत दिसते. सहावी-सातवीतली मुलगी त्या दिवसांत वावरात नसली तरी घरी धाकट्या भावंडाला सांभाळत असते. पट तोच राहतो, हजेरी खाली येते. एखाद्या शाळेचा पट तीस असून वेचणीच्या महिन्यात अठराच मुले रोज येत असली, तर ती शाळा तीस मुलांची की अठरा मुलांची? शिक्षक मंजूर करताना तीस मोजतात. शिकवताना गुरुजींच्या पुढे अठराच असतात, आणि तीही रोज तीच अठरा असतात असे नाही.

या दोहोंतल्या अंतराचा गैरफायदाही पूर्वी घेतला गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखांना, राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत दाखवले जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली गेली. कागदावरची लाखो मुले प्रत्यक्षात सापडली नाहीत. त्यानंतर पटाकडे पाहण्याची सरकारची नजरच बदलली. आता प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर, नावानिशी होते आणि ३० सप्टेंबरचा पट धरून पुढच्या वर्षीचे शिक्षक ठरतात. याला संचमान्यता म्हणतात. पुढे आधार क्रमांकही त्याला जोडला गेला. खोटी नावे गळाली हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर दुसरी अडचण उभी राहिली. पारध्यांच्या बेड्यावरचे किंवा मेळघाटातले एखादे लेकरू रोज शाळेत येते, खिचडी खाते, पाढे म्हणते. परंतु त्याच्या आधारवरचे नाव रजिस्टरातल्या नावाशी जुळत नाही. मग ते वर्गात दिसते आणि मोजणीत अडते. मोठ्या शाळेत अशी पाच नावे अडली तर कोणाच्या लक्षात येत नाही. पंचवीस मुलांच्या शाळेत पाच नावे म्हणजे एका शिक्षकाची जागा.

ही जागा कशी ठरते तेही पाहू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गास निदान एक शिक्षक व पस्तीस मुलांमागे एक, असे प्रमाण दिले आहे. सहावी ते आठवीचे तीन शिक्षक तीन विषयांचे हवेत : एक गणित-विज्ञानाचा, एक सामाजिक शास्त्रांचा, एक भाषांचा. कारण उघड आहे. दुसरीच्या मुलाला एकच गुरुजी सगळे शिकवू शकतात. आठवीचे बीजगणित आणि इंग्रजी व्याकरण एकाच माणसाला तितक्याच हातोटीने येईल, ही अपेक्षा जास्तीची आहे. महाराष्ट्राच्या नियमांत सहावी ते आठवीची शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी असेही आहे. मात्र १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, आणि सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असली तर शिक्षकाची जागाच धोक्यात येईल अशी स्थिती झाली. शिक्षकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. असे निकष बदलत असतात. म्हणून आपल्या शाळेला आज कोणता निकष लागू आहे, हे केंद्रप्रमुखांकडून लेखी पाहून घ्यावे. पारावरच्या गप्पांवर विसंबू नये.

लहान शाळांची संख्या किती मोठी आहे याची कल्पना एका आकड्यावरून येते. २०२३ साली समूहशाळांची योजना पुढे आली तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात १४,७८३ असल्याचे सांगण्यात आले. त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक होते. भागाकार केला तर शाळेमागे बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक येतात. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवण्याचे ठरले होते. हिशेबनीस म्हणेल, बारा मुलांसाठी इमारत, दोन पगार, स्वयंपाक, हे परवडत नाही. त्याचेही अगदीच चूक नाही. पण बारा मुलांतल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या आईला विचारा. ती म्हणेल, "पोट्टीले गावात शाया होती तोवर धाडली. आता फाट्यावर एकटी कशी धाडू?" हा खर्च हिशेबनिसाच्या वहीत कुठेच मांडलेला नसतो.

आता एक उदाहरण घेऊ. कल्पितच आहे, पण गुरुजींना ते ओळखीचे वाटेल. समजा, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले एक गाव. शाळा पहिली ते आठवी. फळ्यावर पट लिहिला आहे : पहिली १४, दुसरी ११, तिसरी १३, चौथी १०, पाचवी ९, सहावी ८, सातवी १२, आठवी ६. तपासणीला आलेला एखादा साहेब पहिलीचे चौदा आणि आठवीचे सहा पाहून म्हणतो, "गुरुजी, अर्ध्याहून जास्त मुले गळाली!"

हा निष्कर्ष घाईचा आहे. आजची पहिली आणि आजची आठवी ही वेगवेगळी मुले आहेत. आजच्या आठवीतली मुले सात वर्षांपूर्वी पहिलीत होती, तेव्हा त्यांची संख्या किती होती हे पाहायला हवे. त्यासाठी दाखल-खारीज रजिस्टर काढावे लागते. समजा, त्या वर्षी पहिलीत १९ नावे होती. मधल्या वर्षांत दोन मुले बाहेरून आली. एकूण २१. त्यांतली ६ आज आठवीत आहेत, म्हणजे १५ गेली. कुठे गेली? रजिस्टरातला शेरा वाचला तर कळते : ८ जणांनी पाचवी-सहावीत दाखला काढून तालुक्याच्या हायस्कूलात किंवा कॉन्व्हेंटात नाव घातले. ४ जणांचे आईबाप कामासाठी पुण्या-सुरतेकडे गेले, मुलेही गेली. एक आश्रमशाळेच्या वसतिगृहात गेला. राहिल्या दोन. त्यांचा दाखला कोणी मागायलाच आले नाही. त्या सातवीत एका दिवाळीनंतर यायच्या थांबल्या, एवढेच. शेऱ्याच्या रकान्यात 'सतत गैरहजर' असे दोन शब्द आहेत.

तेव्हा साहेबांचे पंधरा आणि आपले दोन यांत केवढे अंतर आहे ते पाहा. आठ मुले शिकतच आहेत, दुसऱ्या छपराखाली. चार मुले बहुधा शिकत असावीत, पण पत्र किंवा फोन केल्याशिवाय खात्री नाही. खरी गळती या दोन मुलींची. त्यांच्यासाठी करायचे काम निराळे आणि आठांसाठी करायचे निराळे. दोन्हींना 'गळती' म्हटले की काम कोणतेच होत नाही.

लहान शाळेत टक्केवारीही फसवते, हे जाता जाता सांगून टाकतो. आठवीत सहा मुले. एक मूल नापास झाले किंवा शाळा सोडून गेले, तर सोळा-सतरा टक्के कमी. पुढच्या वर्षी कोणीच गेले नाही, तर शंभर टक्के टिकली. वर्तमानपत्रात अशी टक्केवारी आली की एका वर्षी शाळा बुडाली आणि दुसऱ्या वर्षी ती आदर्श ठरली असे वाटते. वस्तुतः एकच घर गाव सोडून गेलेले असते. पन्नासांच्या आतल्या शाळेत टक्के सांगू नयेत, नावे सांगावीत. गुरुजींना नावे पाठ असतातच. लहान शाळेचा तोच तर मोठा फायदा आहे.

आणखी एक हिशेब याच फळ्यावरून मांडता येतो, आणि तो फार थोड्या गावांत मांडला जातो. आज सहावी ते आठवीत ८, १२ आणि ६ मिळून २६ मुले आहेत. वीसच्या वर असल्याने गाव निर्धास्त. पण पुढे पाहू. पुढच्या वर्षी आठवीची सहा बाहेर पडतील. सहावीची आठ सातवीत आणि सातवीची बारा आठवीत जातील. पाचवीच्या नऊंपैकी पाच जणांनी नेहमीप्रमाणे तालुक्याची वाट धरली, तर सहावीला चार राहतील. एकूण २४. त्याच्या पुढल्या वर्षी ती बारा निघून जातील. आठवीत आठ, सातवीत चार, आणि आजच्या चौथीच्या दहांपैकी निम्मी राहिली तर सहावीत पाच. एकूण १७. म्हणजे आज निर्धास्त असलेली शाळा दोन वर्षांत काठावरून खाली येते, आणि हे आजच्याच फळ्यावर लिहिलेले आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीला जो शाळा विकास आराखडा करायला सांगितला आहे, तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात वर्गवार पटाचा अंदाज मांडायचा असतो. या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी हा आराखडा मागल्या वर्षीचा उतरवून घेऊन सह्या केल्या जातात. तसे न करता वर दाखवलेली बेरीज-वजाबाकी केली, तरी निम्मे काम झाले.

पट का घटतो? पहिले कारण सोपे आहे आणि त्यात कोणाचाच दोष नाही. मुले कमी जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होते, ते २०१९-२१ मध्ये १.७ वर आले. ज्या घरातून पूर्वी तीन पाट्या-दप्तरे शाळेत यायची, तिथून आता एक किंवा दोन येतात. गुरुजींनी घरोघर फिरून पटनोंदणी केली तरी जे मूल जन्मलेच नाही ते पटावर कसे चढणार? पट घटला म्हणून गुरुजींना बोल लावण्यापूर्वी अंगणवाडीताईंच्या वहीतली सहा वर्षांखालची मुले मोजावीत. त्याच वहीत मुली किती आणि मुलगे किती हेही पाहावे. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१२ मुली होत्या, अमरावतीत ९३५. सहावीच्या वर्गात मुली कमी दिसल्या तर त्या शाळेतून गळाल्या की जन्मालाच कमी आल्या, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत विचारावा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरे कारण म्हणजे पिवळी व्हॅन. सकाळी ती गावात येते, टाय बांधलेली लेकरे गोळा करते आणि तालुक्याच्या कॉन्व्हेंटात नेते. याविषयी रागाने बोलणारे पुष्कळ आहेत. मला त्यात राग दिसत नाही. बापाला वाटते, आपण वावरात राबलो, पोराने इंग्रजी बोलावे. परंतु त्याचा परिणाम पटावर कसा होतो तो नीट पाहावा. व्हॅनचे भाडे आणि फी ज्यांना जमते, त्यांची मुले जातात. बागाईतदाराचे, नोकरदाराचे, दुकानदाराचे पोर गेले. राहिले कोण? शेतमजुराचे, धनगरवाड्यावरचे, तांड्यावरचे, बौद्धपुऱ्यातले, विधवेचे. जी शाळा एके काळी साऱ्या गावाची होती, ती हळूहळू गावातल्या गरिबांची होते. मग ग्रामसभेत शाळेच्या गळक्या छपरासाठी भांडायला कोणी उठत नाही, कारण ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुले तिथे नाहीत. पटाचा आकडा घटला यापेक्षा पटावरची माणसे बदलली, हे मला अधिक चिंतेचे वाटते.

आपला प्रदेश असा नव्हता असे म्हणता येणार नाही. पूर्वी तर शाळाच थोड्या होत्या. डॉ. पंजाबराव देशमुख १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळला जन्मले. पुढच्या शिक्षणासाठी त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती अशी गावे बदलावी लागली. गोपाळ गणेश आगरकर कराडकडच्या टेंभूचे. ते शिकायला अकोल्यापर्यंत आले, आणि तिथे विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे मुख्याध्यापक त्यांना लाभले. तेव्हा मूल शाळेच्या मागे जात असे, आणि जाऊ शकणारे फार थोडे असत. पंजाबरावांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी गावोगाव शाळा उभ्या राहिल्या. गाडगेबाबा कीर्तनातून एकच गोष्ट नाना तऱ्हांनी सांगत, की पोटाला चिमटा घ्या पण पोराला शाळेत घाला. १९६२ च्या १ मे पासून जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा वाडी-तांड्यापर्यंत पोचली. शाळा मुलाच्या मागे जाऊ लागली. आता कमी पटापायी ती माघारी वळली, तर पुन्हा जो जाऊ शकेल तोच शिकेल.

खाजगी संस्थेची शाळा आणि सरकारचे अनुदान ही जोडी आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची. अमेरिकेत तिच्याशी थोडी जुळणारी 'चार्टर शाळा' नावाची पद्धत आहे. मिनेसोटा राज्याने १९९१ साली तिचा पहिला कायदा केला. शाळा चालवते स्वतंत्र मंडळ, पैसा येतो सरकारी तिजोरीतून, फी घेता येत नाही, आणि अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. तिथे पैसा मुलामागे चालतो : मूल दुसऱ्या शाळेत गेले की त्याचा पैसाही गेला. आपल्याकडे पैसा शिक्षकाच्या मंजूर पदामागे चालतो. म्हणून पंधरा-वीस-तीस असल्या आकड्यांच्या उंबरठ्यावर सगळी धडपड होते. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. ते शाळेचा पट छापतात तेव्हा गरिबीमुळे फुकट जेवण मिळणारी मुले किती, हेही सांगतात. आपल्याकडे आठवीपर्यंत अनुदानित शाळेतल्या सर्वच मुलांना आहार मिळतो, हे फार चांगले आहे. सहावी ते आठवीला तो २००८-०९ पासून सुरू झाला आणि दर मुलामागे दीडशे ग्रॅम तांदूळ धरला जातो. पण त्यावरून गरिबी मोजता येत नाही. रजिस्टरात जात असते, धर्म असतो. बाप भूमिहीन आहे की दहा एकरांचा धनी, हे नसते.

जातीच्या रकान्याबद्दल दोन शब्द. हा रकाना नीट जपावा. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० आणि जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० या तारखांआधीचा पुरावा मागतात; विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. अशिक्षित आजोबाचा असा पुरावा कुठून आणणार? तो बहुधा एकाच ठिकाणी असतो : आजोबा दोन वर्षे ज्या शाळेत गेला, तिच्या रजिस्टरात. १९५६ नंतरच्या पानांवर 'बौद्ध' अशी नोंद दिसते. त्या बांधवांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० चा कायदा यावा लागला. २०२३ मध्ये राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही शाळांची कपाटे उघडली गेली. लहान शाळा बंद झाली की बाके-फळे कुठे गेले याची चौकशी होते. रजिस्टर कोणत्या शाळेच्या ताब्यात दिले, त्याची पोच घेतली का, हे ग्रामपंचायतीने आधी विचारावे. वाळवीने खाल्लेले एक पान म्हणजे एखाद्या घराच्या तीन पिढ्यांचा दाखला.

अमरावतीच्या उत्तरेला धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत पट वाचण्याची रीत पुन्हा निराळी. तिथली बहुसंख्य मुले कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही. पहिलीत ती मुले जी पुस्तकी मराठी ऐकतात ती त्यांना परकी असते, आणि त्यात इंग्रजी-हिंदीचीही भर पडते. त्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कामासाठी खाली अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, अकोटच्या सपाटीवर उतरतात आणि होळीला घरी परततात. होळी त्यांचा मोठा सण. त्या चार महिन्यांत डोंगरावरच्या शाळेचा पट कायम आणि वर्ग ओसाड, तर खालच्या गावात मुले गोठ्याशेजारी दिसतात आणि तिथल्या पटावर नसतात. यासाठी दोन सोयी आहेत. एक हंगामी वसतिगृह : आईबाप कामाला गेले तरी मूल गावीच राहावे म्हणून. दुसरी शिक्षण हमी पत्रक : मूल बरोबर गेलेच, तर कोणत्या इयत्तेत होते आणि काय शिकले होते हे त्यावर लिहून देतात, म्हणजे खालच्या शाळेने त्याला लगेच बसवून घ्यावे. दाखला आणला नाही, वयाचा पुरावा नाही, म्हणून मूल परत पाठवता येत नाही. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. दाखला मागाहून मागवता येतो.

आणि ज्यांचे नाव कधीच कुठल्या पटावर चढले नव्हते, त्यांचे काय? फासेपारध्यांच्या मुलांसाठी मतीन भोसले यांनी २०१२ साली नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा काढली. स्वतः त्या समाजातले, जिल्हा परिषदेचे शिक्षक होते; नोकरी सोडून भीक मागणारी लेकरे गोळा केली. पुढे समृद्धी महामार्गाच्या वाटेत त्या शाळेचे काही बांधकाम आले आणि ते पाडले गेले. शाळेच्या नावाची खूण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहेच.

बाळापूर, अकोट, अचलपूर, अंजनगाव या बाजूंच्या गावांत जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत. एकाच आवारात मराठी आणि उर्दू अशा दोन शाळा, दोन मुख्याध्यापक, दोन पट. कधी मराठी शाळेत चार मुले आणि उर्दूत साठ, कधी उलट. एकत्र करा म्हणणे सोपे. पण माध्यम बदलले म्हणजे सहावीतल्या मुलाचे पाच वर्षांचे शिक्षण वाहून जाते. अशा ठिकाणी खेळ, आहार, प्रयोगाचे साहित्य एकत्र आणि शिकवणे आपापल्या भाषेत, असे करणाऱ्या गावांनी बरे केले.

आता त्या दोन मुलींकडे वळू. त्यांच्या गावात आठवी आहे म्हणून त्या निदान सातवीपर्यंत आल्या. पाचवीपासून मुलींना एस. टी. चा प्रवास फुकट आहे, ती अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना. आठवीपासून मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत. पण गाडी शाळेच्या वेळेला येते का, आणि वेचणीच्या दिवसांत घरातल्या धाकट्याला कोण सांभाळते, यावर सगळे अवलंबून. मागासवर्गीय मुलींना पहिली ते चौथीत रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ पासून ठरला. त्या रुपयात तेव्हा काय येत होते आणि पुढे काय येऊ लागले, हे दुकानदार सांगेल. अंगणवाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळवून घेतली, तर धाकटे अंगणवाडीत आणि मोठी सातवीत बसू शकते. यासाठी शासननिर्णय लागत नाही. गुरुजी, अंगणवाडीताई आणि सरपंच एका ओट्यावर बसले तरी पुरते.

व्यवस्थापन समितीची सभा ३० सप्टेंबरच्या आधी, पोळा उरकल्यावर घ्यावी. सभेला तीन वह्या आणाव्यात : शाळेचे दाखल-खारीज, अंगणवाडीची नोंदवही आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद. प्रथम पाचवीच्या मुलांची नावे वाचावीत आणि प्रत्येकाच्या आईला विचारावे, पुढल्या वर्षी लेकरू कुठे घालणार. मग आधारवरचे नाव न जुळलेली मुले वाचावीत. मग ज्यांच्यापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा आहे ती नावे, आणि त्या घरी कोण जाऊन येणार, हे त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहावे.